गुलाबरावांचा आखूड हार

शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेला लागूनच गुलाबरावांचा मळा आहे. वांगी, कोथिंबीर आणि कडेच्या वाफ्यांत झेंडू. माझं वावर त्यांच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लावून, त्यामुळे हा माणूस मला रोज दिसतो. माझी म्हैस त्यांच्या कोथिंबिरीत शिरली तरी आवाज न चढवणारा हा गृहस्थ. त्याला कोणी खुनी म्हणेल असं मला सांगितलं असतं, तर सांगणाऱ्यालाच मी वेड्यात काढलं असतं. पण एक पिक्चर आला आणि तेही झालं.

गोष्ट जुनी आहे. गुलाबराव तेव्हा ऐन तिशीत होते. दादासाहेब नावाचे बडे पुढारी इकडे सभेला आले आणि पहिल्या हाराचा मान गुलाबरावांना मिळाला. त्यांच्या घराची एक रीत होती. पाहुण्याचा पहिला हार आपल्याच वाफ्यातल्या फुलांचा करायचा, विकतचं एक फूलही त्यात घालायचं नाही. त्या साली झेंडूवर अळी पडली होती. बाजारात फुलांचे ढीग होते, पण हा पठ्ठ्या अडून बसला. निघाली तेवढ्याच फुलांचा हार गुंफला आणि तो आखूड झाला. सभेत गुलाबराव स्टेजखाली उभे, दादासाहेब वर, डोक्याला भला थोरला फेटा. आखूड हार खालून फेट्यावरून जाईना, म्हणून दादासाहेब अगदी कडेला येऊन खाली वाकले. त्यांचे पोलीस मागेच राहिले. तेवढ्यात गर्दीतून गोळी सुटली.

मारणारा जागीच सापडला. डोक्यानं अधू आहे, त्याच्यामागे कोणी नाही, असं तपासात निघालं. गुलाबरावांनाही नेलं, विचारलं आणि सोडून दिलं. लोकांना मात्र ते कधीच पचलं नाही. एवढा मोठा माणूस एका वेड्याच्या हातून मरतो, हे मानायला आपल्याला जड जातं. त्यात कोणाचा तरी कट पाहिजेच.

यंदा त्या सगळ्या कुजबुजीचा पिक्चर निघाला. सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक' अशी पाटी दाखवतात आणि मग अडीच तास ती कोणी वाचलीच नसावी असं वागतात. त्यात एक माळी आहे. डोळ्यांत सुरमा, ओठांवर तिरकं हसू. तो कात्रीनं हार मुद्दाम आखूड करतो आणि दादासाहेब वाकले की मारेकऱ्याला डोळ्यानं खूण करतो. झाडून साऱ्या गावानं हा पिक्चर मोबाइलवर पाहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हार कात्रीनं कापला की सगळी फुलं ओघळतात, एवढंही त्या शहाण्यांना ठाऊक नाही!

गुलाबरावांनीही पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. एका सकाळी धुऱ्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "म्या पाह्यलं असन का हो त्याच्याकडं?"

"कोणाकडं?"

"गोळी मारनाऱ्याकडं. आधी मले पक्कं याद होतं, माही नजर फेट्यावरच होती. आता डोये मिटले की थो पिक्चरवालाच दिसते. मान वयवून पाह्यते."

"थो नट आहे, गुलाबराव! तुमी नाई थो!"

"पन हार लांब असता तं थे वाकलेच नसते न?"

यावर मी बरंच बोललो. गोळी सुटायची ती सुटलीच असती, असं घसा ताणून सांगितलं. ते मान हलवत राहिले. ऐकत मात्र नव्हते, आणि मला त्यांची काळजी वाटू लागली.

त्यातच त्यांच्या नातीचं, प्रियदर्शनीचं लग्न ठरलेलं. मुलगा कामरगावचा, शिवम. घरातल्या प्रत्येक लग्नाचे हार आजवर गुलाबरावांच्याच हातचे. पण पिक्चर पाहिल्यावर विहीणबाईंचा फोन आला. हार आम्हीच आणू, तुम्ही त्रास घेऊ नका. फोन आवडाबाईंनी, म्हणजे गुलाबरावांच्या बायकोनं घेतला होता. माझ्यासमोर पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "इतके दिवस बाहेरचे बोलून राह्यले होते. आता सोयरेबी बोलाले लागले."

शेवटी शिवमनंच आईला गप्प केलं. प्रियदर्शनीसारखंच तोही गुलाबरावांना आबा म्हणायचा. आबांच्या हातचाच हार गळ्यात घालीन, म्हणाला. मला वाटलं, चला, सुटला गुंता. पण लग्नाच्या आदल्या दिवशी मी मळ्यात गेलो तर गुलाबराव विकतच्या फुलांच्या पिशव्या मांडून बसलेले. त्यांच्या वाफ्यांत झेंडू मस्त फुललेला, आणि हा माणूस बाजारची फुलं ओवत होता. हार गुडघ्यांच्याही खाली जाईल एवढा झाला होता.

"काहून एवढा लांब?" मी विचारलं.

"पोराले वाकाचं काम नाई पडलं पाह्यजे."

मंगलाष्टकं संपली, ताशा वाजला. प्रियदर्शनीनं तो लांबलचक हार उचलला. शिवमच्या मित्रांनी नेहमीचा दंगा सुरू केला, कोणी त्याला कमरेला धरून वर उचलायला लागलं. पण शिवम समजूतदार पोरगा. त्यानं मित्रांचे हात सोडवले आणि गरज नसताना, आबांच्या हाराचा मान म्हणून, तो चांगला कमरेतून वाकला.

गुलाबराव माझ्या शेजारीच उभे होते. मला कळायच्या आत ते गर्दीत घुसले. विहीणबाईंना धक्का लागला, अक्षतांचं ताट पडलं. ते स्टेजवर चढले, शिवमच्या पाठीशी गेले आणि दोन्ही हात पसरून, गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. आधी लोक हसले. मग त्यांचा चेहरा पाहून ताशेवाल्यानंही हात आखडला.

शिवम वळला. त्यानं त्यांचा खांदा धरला. "आबा, कोनी नाई हो. सारे आपलेच लोक हायेत."

गुलाबरावांनी हात खाली घेतले नाहीत. समोरचा एकेक चेहरा ते तपासत होते. विहीणबाईंचा, ताशेवाल्याचा, आणि माझाही.

"नीट पाह्यलं का तू?" ते म्हणाले. "त्या दिवशी म्या नोतं पाह्यलं."