राहीच्या दारातला उंबरठा

राहीला उचलणाऱ्यांची कधी कमतरता पडली नाही. दोन वर्षांची असताना पोलिओने तिचे पाय गेले आणि नारपोलीच्या त्या घरात ती उचलून ठेवायची वस्तू झाली. भाऊ केसरीनाथ तिला उचलून ओट्यावर ठेवी, वहिनी रंगूबाई ओट्यावरून मोरीत नेई. प्रत्येक वेळी "माझी कंबर गेली गं बाई" हे आजूबाजूच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. केसरीनाथच्या लेकीच्या लग्नात तिला मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसवलं आणि सगळे बँजोपुढे नाचत गेले. वरात निघून गेली. मांडववाले खुर्च्या गोळा करायला आले तेव्हा एका खुर्चीवर राही निघाली.

त्या दिवशी तिने ठरवलं, आता कुणी उचलायचं नाही.

घरी बसून ती लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कांड्या भरत असे. धोट्यात बसणाऱ्या त्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं काम. कांड्या नेणारा मोहिउद्दीन कामतघरच्या एका लूमवर मिस्त्री होता. राहीने त्याच्यामागे लागून भंगारातल्या बेअरिंगा लावलेली फळीची गाडी करवून घेतली. फळीवर बसायचं आणि हातांनी जमीन मागे लोटायची. पण केसरीनाथच्या नव्या बंगल्याला पायऱ्या होत्या. मोहिउद्दीनच्या लूमशेजारी मात्र एक रिकामी खोली होती. पूर्वी तिथे सुताचे गठ्ठे ठेवत. हातगाडी थेट आत जावी म्हणून दाराला ना पायरी ना उंबरठा. राही एकदा गाडीवरून आत गेली, फिरली, बाहेर आली. पुन्हा आत गेली. तिला तीच खोली हवी होती.

"लोक थुंकतील मना," केसरीनाथ म्हणाला. "पाटलाची बहीण लूमच्या खोलीत?"

लोकांची ही धास्ती अपंग स्वावलंबन मंडळाने दूर केली. डॉक्टरांच्या आणि कारखानदारांच्या बायकांचं मंडळ. दरवर्षी तीनचाकी सायकली वाटायच्या, फोटो काढायचे आणि त्या सायकली चाळीच्या गल्लीत शिरत नाहीत हे पुढच्या वर्षीपर्यंत विसरायचं, हे त्यांचं कार्य. एकोणनव्वद साली मंडळाच्या अध्यक्षा, ज्यांना सगळं गाव ताई म्हणे, मुंबईला कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या. अपंगांनी संस्थेत नाही, समाजात, आपल्या घरी, स्वतंत्र राहायचं, असं तिथे ठरलं होतं. मंडळाला घर हवं होतं आणि अपंग हवा होता. दोन्ही तयार मिळालं. मंडळाने खोली भाड्याने घेतली, नळ खाली आणला, पाणी भरायला आणि बाजार करायला काशी नावाची बाई लावून दिली. अध्यक्षांच्या शेजारी हार घालून बसायला मिळणार म्हटल्यावर केसरीनाथच्या इज्जतीचा प्रश्नही मिटला.

उद्घाटनाच्या दिवशी राही स्वतः गाडी लोटत गल्लीतून आली आणि दारात थांबली.

दाराला नवा कोरा सागवानी उंबरठा बसवला होता. चार बोटं उंच. हळदकुंकू, रांगोळी, झेंडूचा हार.

"आवडला ना?" ताई म्हणाल्या. "काल बघते तर काय, उंबरठाच नाही! म्हटलं, हे काय घर झालं? सुताराकडून लगेच बसवूनच घेतला."

राहीने गाडी पुढे लोटली. बेअरिंगा उंबरठ्याला अडल्या.

"उचला रे हिला. सांभाळून हं."

केसरीनाथ बाह्या सावरत पुढे आला.

"दादा, हात लावशील तर चावीन."

"राही, असा हट्ट करू नये," ताई म्हणाल्या. "पाहुणे खोळंबलेत."

"आज उचलून आत ठेवाल. बाहेर कोण काढंल?"

"सकाळी काशी येईल की."

"आनि तोवर? मूर्तीवानी बसू?"

"अगं, पण पूजा झालीय त्याची. लक्ष्मी येते त्यावरून."

"लक्ष्मीला पाय हायत ताई. ती कुठूनबी येईल."

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं, मग खोकल्यासारखं केलं. मुहूर्त टळत होता. तेव्हा ताईंनी फीत कापली आणि सगळे उंबरठा ओलांडून आत गेले. आत स्वावलंबनावर भाषणं झाली, टाळ्या झाल्या, समोसे झाले. ज्या बाईचं घर ती दाराबाहेर फळीवर बसून हे ऐकत होती. काशीने तिला एक समोसा बाहेर आणून दिला.

पाहुणे पांगल्यावर तिने मोहिउद्दीनला हाक मारली. "हे काढून दे."

मोहिउद्दीन दोन पावलं मागे सरला. "नको बाई. हळदकुंकवाचा उंबरठा मी तोडू? चौऱ्याऐंशीची दंगल विसरलीस काय? माझं नाव विचारतील आधी, उंबरठ्याचं नंतर."

"मग छन्नी-हातोडा दे. माझं नाव इचारू देत."

ते त्याने आणून दिलं. राही फळीवरून खाली उतरली आणि घाव घालू लागली. बघता बघता गल्ली जमली. केसरीनाथ "अगं अपशकुन, अपशकुन" करत घिरट्या घालत राहिला, पण चावण्याची धमकी ताजी असल्यामुळे जवळ आला नाही. सागवान चांगलं निघालं. मंडळाने कधी नव्हे ती एक पक्की वस्तू दिली होती. अंधारायच्या आत ते सुटलं. राही गाडीवर बसली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी मंडळाने काशीचं काम बंद केलं. मंगल वस्तूची विटंबना करणाऱ्यांना मदत करणं मंडळाच्या तत्त्वात बसत नव्हतं. काशी तरीही हंडा घेऊन आली.

"पाणी मी भरीन. मीबी कांड्या घेते, माझ्या वाटणीच्या तू भरशील?"

"भरीन. पन पाणी सांडायचं न्हाय, जमीन वली झाली की गाडी घसरते."

"आली मोठी शेठानी," म्हणत काशीने हंडा ठेवला. त्यांचं तसंच चालू राहिलं.

पुढल्या वर्षी ताई आल्या, मुंबईचे पाहुणे घेऊन. सांगून येण्याची पद्धत नव्हतीच. राही कांड्या भरत होती.

"हे आमचं पहिलं स्वतंत्र घर," ताई पाहुण्यांना म्हणाल्या. मग दाराकडे हात करून, अगदी सहज, "आणि हे बघा, इथे आम्ही मुद्दाम उंबरठा ठेवला नाही. या लोकांच्या गरजा समजून घ्याव्या लागतात."

पाहुणे कौतुकाने वाकून जमीन बघू लागले. पाणी आणायला गेलेली काशी हंड्यासकट दारात थबकली आणि राहीकडे बघत राहिली, आता ही काय बोलते म्हणून.

राहीने भरलेल्या कांड्यांची टोपली मांडीवर घेतली.

"मोहिउद्दीनकडं जाऊन येते," ती म्हणाली. "तुमचं बघून झालं की दार ओढून घ्या."

आणि त्या सगळ्यांच्या पायांमधून गाडी लोटत ती बाहेर पडली.