सुभेदारांची बहात्तर माणसं

कपाट उघडण्यापूर्वी सुभेदार मोठा श्वास घेत आणि कपाट बंद होईपर्यंत तो सोडत नसत. ज्याला जवळून पाहायचं असेल त्याने नाकावर रुमाल धरायचा, असा नियम होता. आमच्या गिरगावातल्या चाळीत सोवळ्या-ओवळ्याला न जुमानणारे पुष्कळ होते, पण सुभेदारांच्या कपाटासमोर शिंकायची कुणाची छाती नव्हती.

सुभेदार हे नाव चाळीने दिलेलं. खरं आडनाव धैर्यवान. जन्मभर एका जहाज कंपनीत कारकुनी केली. बंदूक सोडाच, दिवाळीत लवंगी फटाकासुद्धा ते लांब काठीला उदबत्ती बांधून पेटवायचे. पण कपाटात बहात्तर शिपायांची पलटण उभी. बोटभर उंचीचे, शिशाचे, विलायतेत घडलेले. लाल डगले, त्यांवर उठावाची बारीक बटणं, छातीवर पांढरे पट्टे, काळ्या टोप्या. मुंबई सोडून जाणाऱ्या साहेबांच्या घरचं सामान चोरबाजारात यायचं. लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या या माणसाने पस्तीस वर्षं तिथे खेटे घालून एकेक शिपाई हुडकून आणला होता.

आणलेल्या शिपायाला ते पाणी लावत नसत. रंग उडालेला असला तर तो तसाच. एकाचा तर अर्धा डगला जाऊन खालचं करडं शिसं दिसत होतं. मी एकदा म्हटलं, "काका, याला जरा लाल लावून घ्या की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या थोरल्या भावाबद्दल काही वेडंवाकडं बोललो होतो. "हात मोडलेला चालेल रे मला, शरद. पाय मोडलेला चालेल. रंगवला की तो तोतया झाला."

त्यांच्या या हट्टाचं कारण मला पुढे कळलं. तिकडे गरीब घरच्या बायका हे शिपाई घरी नेऊन रंगवत, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पलटणीतल्या सतरा जणांच्या मिशा एकाच बाजूला किंचित वर गेलेल्या होत्या. सुभेदार भिंग माझ्या हातात देत आणि म्हणत, "बघ, ब्रश इकडून तिकडे ओढलाय. ही बाई डावखुरी असणार." सतराव्या शिपायापर्यंत त्यांची तिच्याशी चांगली ओळख झाली होती. एका शिपायाच्या पट्ट्यावर लाल डाग पडलेला होता, तर "त्या दिवशी पोर रडत असेल" असं ते गंभीरपणे सांगत. चाळीतल्या बायका "काय, काकांची विलायती बायको बरी आहे ना?" म्हणून चिडवत. सुभेदार लाजत, पण नाही म्हणत नसत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मी चोवीस वर्षांचा, बँकेत नुकता चिकटलेला आणि मोर्चाला सर्वांच्या पुढे. आम्हाला सगळंच नवं करायचं होतं, आणि जुनं काही दिसलं की हात शिवशिवायचे. एका दुपारी अश्रुधुराने डोळे चुरचुरत असताना मी आणि माझा एक मित्र धडपडत सुभेदारांच्या खोलीत शिरलो. त्यांनी आधी कपाटावर गादी टाकली आणि मगच आम्हाला पाणी दिलं. "हा धूर रंगाला बाधतो का रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्ही वैतागलो. पण नंतर आपलं धुवट धोतर फाडून ते संध्याकाळपर्यंत माझ्या मित्राच्या डोळ्यांवर ओल्या घड्या ठेवत बसले होते.

मग त्यांचेच डोळे गेले. मोतीबिंदू. भिंगातूनसुद्धा मिशा दिसेनात, तेव्हा त्यांना पलटणीच्या भविष्याची काळजी लागली. वारस म्हणजे दादरचा एक पुतण्या आणि त्याची चार दांडगी पोरं. त्या पोरांचं नाव निघालं की सुभेदार कपाटाकडे बघायचे. अखेर फोर्टातल्या एका वृद्ध पारशी शेटजींनी शब्द दिला. त्यांच्या बंगल्यात अशा वस्तूंनी भरलेली काचेची कपाटं होती. पलटण फुटणार नाही, सगळी एकत्र राहील आणि खाली पितळी पट्टीवर लिहिलं जाईल: धैर्यवान यांचा संग्रह. सुभेदारांना पैसे नकोच होते. ती पट्टी मात्र हवी होती. "शेटजींना कळतं," ते म्हणायचे, "आणि मला कळतं हे त्यांना कळतं." दिवाळीनंतर शेटजी स्वतः येऊन पाहणार होते आणि मग लगेच विलायतेला मुलाकडे जाणार होते.

त्याआधी डोळ्यांचं ऑपरेशन उरकायचं ठरलं. इस्पितळात जाताना सुभेदारांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "रोज एकदा नजर टाक. बाकी काही करू नकोस."

मी केलं. आमच्याकडे घरी पाहुणा यायचा म्हणजे भिंतीला चुना लागतो, देवांची भांडी चिंचेने लखलखतात, आणि मुलगी दाखवायची तर तिच्या अंगावर शेजारणीचा का होईना, पण चांगला शालू येतो. एवढा मोठा शेट येणार आणि त्याच्यापुढे हे पोपडे उडालेले शिपाई उभे करायचे? सुभेदार रंग लावू देत नाहीत ते चांगला हात मिळाला नाही म्हणून, अशी मी माझी समजूत करून घेतली. परळच्या गणपतीच्या कारखान्यात बाबी नावाचा मालवणी रंगारी माझ्या ओळखीचा होता. बिस्किटांच्या डब्यांत कापूस घालून बहात्तर माणसं मी बसने त्याच्याकडे नेली.

बाबीने जीव ओतून काम केलं. आठवड्याने गेलो तर डगले जास्वंदीसारखे लाल, वर रोगणाची चकाकी. आणि प्रत्येकाला डोळे. मुळात तिथे टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते. बाबीने लांब, पाणीदार, पापण्यांसकट डोळे आखले होते. मी दचकलो. तो म्हणाला, "माजो आजो सांगी, डोळे उघडल्याबगर मूर्त भायर जावची नाय." मला ते पटलं. इतकं पटलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

सुभेदार घरी आले ते डोळ्यांवर हिरवी झापड लावून. चष्मा यायला अवकाश होता. खोलीत शिरताच ते थबकले. "कसला वास येतोय?" मी मोठ्या आनंदाने कपाट उघडलं. त्यांनी श्वास रोखला, एक शिपाई उचलला आणि त्याच्या छातीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"बटणं कुठे गेली?"

त्यांनी दुसरा उचलून चाचपला.

"किती जणांना लावलास?"

"सगळ्यांना, काका."

"तिच्या सतरांनासुद्धा?"

"हो."

ते पलंगावर बसले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मी सुटलो असतो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "चहा घेतलास का?"

शेटजी ठरल्या दिवशी आले. एक शिपाई उचलून त्यांनी खिशातलं भिंग लावलं, मग दुसरा, मग तिसरा. चौथा त्यांनी उचललाच नाही. "धैर्यवान, हे कोणी केला?"

मी सुभेदारांच्या शेजारीच उभा होतो.

"मीच करून घेतलं, शेटजी," सुभेदार म्हणाले. "फार फिके दिसायला लागले होते."

"तुमी?" शेटजींनी भिंग मिटलं. "तुमाला यातला समजते, असा मला वाटला होता." मग टोपी सारखी करून, नमस्कार करून ते जिना उतरून गेले. विलायतेहून ते परत आले नाहीत.

"काका, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"किल्ली मी दिली होती," ते म्हणाले.

पुढच्याच वर्षी सुभेदार गेले. राज्य झालं, चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, तेव्हा त्यांच्या खोलीला कुलूप होतं. पलटण पुतण्याच्या पोरांनी नेली आणि पहिल्याच दिवाळीत किल्ल्याच्या चिखलात रुतवली. शेटजींना पत्र लिहून खरं काय ते कळवावं म्हणून मी तीनदा कागद पुढे ओढला. शेटजी हयात होते, पत्ता माहीत होता. लिहिलं नाही, आधी लाज वाटली, मग उशीर झाला असं वाटलं, मग शेटजीही गेल्याचं ऐकलं. पलटण काही परत आली नसती. पण ज्या एका माणसाने आपल्याला जाणकार म्हणावं असं सुभेदारांना वाटत होतं, त्याच्या लेखी ते शेवटपर्यंत शिशाच्या शिपायांना गणपतीचे डोळे काढून घेणारे गृहस्थच राहिले.