भगवंत टेलरचा उतार

भगवंत टेलरला माणसांच्या हातांची किळस येते. सगळ्या हातांची नाही. चहाचा कप पुढे करणारा हात चालतो, टाळी मागणारा चालतो, माप द्यायला ताठ धरलेला तर रोजचाच. काखेत शिरून उचलणारा हात मात्र त्याला चालत नाही. तसा हात नुसता पुढे येताना दिसला तरी त्याच्या तोंडाची चव जाते.

त्याला कारण आहे. शिनोलीत जन्मला, तिसऱ्या वर्षी पोलिओने दोन्ही पाय नेले, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं तो या हातातून त्या हातात फिरत राहिला. आईने कडेवर घेतलं, त्याचं काही नव्हतं. पण शाळेच्या पायरीवर गुरुजी, जत्रेत चुलता, घोडेगावच्या एसटीत कंडक्टर, आणि कंडक्टर घाईत असला तर जो मोकळा दिसेल तो. उचलणारा माणूस उचललेल्याशी बोलत नाही, हे भगवंताला फार लवकर कळलं. तो त्याच्या डोक्यावरून तिसऱ्याशी बोलतो. ‘कुठं ठिवू याला?’ असं विचारतो. आणि ठेवून झाल्यावर हात झटकतो.

हे सगळं थांबलं मंचरला आल्यावर, आणि थांबवलं अजीजने. अजीजचं फॅब्रिकेशनचं दुकान. शटर, ग्रील, कांद्याच्या चाळीची जाळी, ट्रॉलीचं फाळकं, जे लोखंडाचं असेल ते अजीज करून देतो. भगवंत तेव्हा एका टेलरकडे काज-बटण करत होता. अजीजने त्याची सरकारी तीनचाकी सायकल उलगडून पुन्हा जोडली, हाताचं पॅडल त्याच्या खांद्याच्या मापाचं केलं. पुढे भगवंतने स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा शिलाई मशीनच्या मोटरचं पॅडल पायातून काढून कोपराखाली बसवलं. त्या दिवसापासून तेवीस वर्षं भगवंत कोणाच्या हातात गेला नाही. सकाळी खोलीतून तीनचाकीवर निघायचा, बाजारपेठेच्या रस्त्याने दुकानापर्यंत यायचा, थेट मशीनसमोर. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, म्हाताऱ्यांचे पायजमे. संध्याकाळी तसाच परत.

रस्ता तेव्हा काही चांगला होता असं नाही. खड्डे होते, कडेला चिखल होता, कांद्याचे ट्रॅक्टर होते. पण सगळं एका पातळीत होतं, आणि वाहनं सावकाश चालत होती, कारण जोरात चालवायची सोयच नव्हती.

मग रस्ता सुधारला. अमृतशेठ नावाच्या ठेकेदाराने दोन उन्हाळ्यांत तो काँक्रीटचा केला. मधे दुभाजक, दुभाजकात फुलझाडं, दोन्ही बाजूंना पदपथ. नगरपंचायतीच्या कचेरीच्या भिंतीवर नकाशा लागला होता, त्यात पायी चालणारी बाई, सायकलवाली मुलगी, काठीवाला आंधळा आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस, सगळे हसत हसत एकाच रस्त्याने चालले होते. नकाशात ट्रक नव्हता. मंचरचा रस्ता आणि ट्रक नाही, यावरूनच भगवंतने काय ते ओळखायला हवं होतं.

पदपथ झाला तो दीड फूट उंच. इतका उंच का, तर खालून गटार आहे. अंधांसाठी त्यावर पिवळ्या रेघांच्या फरशा बसवल्या, त्या सरळ जातात आणि विजेच्या डीपीच्या कुंपणाला धडकतात. आजपर्यंत त्यांचा उपयोग फक्त भेळवाल्याने केला आहे, गाडी रांगेत लावायला. रस्ता गुळगुळीत झाल्यावर पिकअपवाले तो हायवेच समजून सुटले. म्हाताऱ्या पदपथावर चढू शकत नाहीत म्हणून खालून चालतात, आणि पोरं दुभाजकावरून उड्या मारतात. आणि भगवंत टेलरचं दुकान त्या दीड फुटाच्या पलीकडे गेलं.

आता दुकानात शिरायला त्याला उचलावं लागायचं. शेजारचे दुकानदार चांगले होते, हीच तर पंचाईत. सकाळी तीनचाकी थांबायच्या आत दोघं-तिघं धावत. एकाचे हात काखेत, दुसऱ्याचे गुडघ्यांखाली. मिशरीचा वास, घामाचा वास, आणि डोक्यावरून गप्पा: ‘आज बटाट्याचा काय भाव फुटला?’ तेवीस वर्षांनी भगवंत पुन्हा शिनोलीच्या शाळेच्या पायरीवर आला. दुकानात ठेवल्यावर तो पहिली दहा मिनिटं कोणाशी बोलत नसे. नळाखाली टॉवेल ओला करून काखा पुसत असे.

त्याने अर्ज करायला सुरुवात केली. मागणी एकच: दुकानांच्या या रांगेला एक उतार द्या, साडेतीन फूट रुंद, माझी तीनचाकी चढेल असा. पहिल्या अर्जावर अपंग दाखला मागितला. दुसऱ्यावर सांगितलं की आता अपंग म्हणत नाहीत, दिव्यांग लिहून आणा. लिहून नेलं. पाय तेच राहिले. तिसऱ्या अर्जाला साहेबांचा खाली निरोप आला, तुम्ही स्वतः कशाला येता, कोणाला तरी पाठवायचं. कचेरीला नऊ पायऱ्या होत्या. भगवंत पायऱ्यांखाली तीनचाकीत बसून शिपायाच्या हाती अर्ज पाठवत असे. वर जायला उचलून घ्यावं लागलं असतं, आणि उचलू नका हे सांगायला स्वतःलाच उचलून घ्यायचं, हे त्याला जमलं नाही.

अकराव्या महिन्यात उतार झाला. कसा झाला देव जाणे. बहुतेक पाहणीला वरून कोणी येणार होतं. पण झाला, साडेतीन फूट रुंद, बेताच्या चढाचा. पहिल्या दिवशी भगवंत त्यावरून चढला आणि शेजारचे तिघं हात पुढे करून तसेच उभे राहिले. त्याने दुकानात जाऊन मशीन सुरू केलं. त्या दिवशी त्याने टॉवेल ओला केला नाही.

इथवर ठीक होतं. पण आपल्याकडे दिलेली गोष्ट गुपचूप देता येत नाही. लगेच सत्कार ठरला. ‘सर्वांचा रस्ता’ असा कार्यक्रम, आणि त्यात भगवंत टेलरचा शाल, श्रीफळ देऊन सन्मान. चार पायऱ्यांचं स्टेज बाजारपेठेतच घातलं होतं.

भगवंत म्हणाला, “मी खालीच घेतो ना शाल. तुमी खाली या.”

“आवो, फोटोत स्टेज आलं पायजे, टेलर भाऊ,” अमृतशेठचा माणूस म्हणाला, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत हात काखेत शिरले होते. चौघांनी त्याला वर नेऊन खुर्चीत ठेवलं. समोर टाळ्या वाजत होत्या. शाल अंगावर पडली, तिचे काठ आत्ताच उसवायला लागलेत हे त्याच्या नजरेने टिपलं. आणि मग जे झालं त्याची त्याला अजून लाज वाटते. कॅमेरा समोर आला तसे त्याने हात जोडले आणि तो हसला. चांगला तोंडभर हसला. कोणी सांगितलं नव्हतं.

ती शाल तो आता इस्त्रीखाली घालतो.

पुढच्या आठवड्यात चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं म्हणून तो दोन दिवस डिंभ्याला गेला. परत आला त्या दिवशी मंचरचा बाजार होता. दहा वाजता तो नेहमीसारखा उताराशी आला, आणि उताराच्या जागी त्याला स्वतःचं तोंड दिसलं. सहा फूट उंच फ्लेक्स. वर नेत्यांच्या फोटोंची ओळ, कोपऱ्यात अमृतशेठ, आणि मधोमध हात जोडून हसणारा भगवंत टेलर. खाली लिहिलेलं: सर्वांचा रस्ता, सर्वांना वाट. लोखंडी चौकट उताराच्या बरोब्बर तोंडावर रोवली होती. दोन पाइप दोन कडांना, आणि एक मधे.

भगवंत कितीतरी वेळ स्वतःच्या दातांकडे बघत बसला. मागून पिकअपवाला हॉर्न वाजवत होता.

समोरून अजीज आला, हात पुसत. त्याचा चेहरा खुलला होता.

“बघितलं का? माझ्याच हातचं हाय. त्यांनी दोनच पाइप सांगितलं व्हतं. मी म्हनलं, माझ्या दोस्ताचा फोटो, वाऱ्यानं फाटला तर? म्हनून मधी तिसरा टाकला, माझ्या पदरचा. दीड फूट काँक्रीटमधी गाडलाय. ट्रक धडकला तरी हालणार न्हाई.”

“अजीज,” भगवंत म्हणाला, “मी आत कसा जाऊ?”

अजीजने चौकटीकडे पाहिलं. मग तीनचाकीकडे. ज्या तीनचाकीचा प्रत्येक नट त्याने स्वतः आवळला होता, तिची रुंदी त्याला पाठ होती. इतक्या वर्षांत त्याने एकदाही मापात चूक केली नव्हती, आणि आता मित्राच्या कौतुकापायी त्याने मित्राचीच वाट पक्की बुजवली होती.

“आरं, त्यांनी इथंच लाव म्हनून सांगितलं. उतार कशाचा हाय ते लोकांना कळायला पायजे म्हने. मी फोटोच बघत राह्यलो, भगवंता.”

तोवर शेजारचे तिघं आलेच. एकाने बाह्या वर केल्या होत्या. “चला टेलर, घेतो तुमाला. किती जड हाय तुमी?”

“हात लावू नका,” भगवंत म्हणाला. तो ओरडला नाही, पण तिघं थांबले.

त्याने पिशवीतून कापडाची मोठी कात्री काढली. तीनचाकी चौकटीला भिडवली आणि जिथवर हात पोचत होता तिथवर, म्हणजे जोडलेल्या हातांच्या थोडं वर, फ्लेक्स आडवा कापला. फ्लेक्स कापायला वाईट, कात्रीची धार जाते. खालचा भाग सुटून पडला. वर नुसतं हसणारं तोंड राहिलं. आणि खाली, तीन पाइपांच्या मधून, त्याला आपलं दुकान दिसलं. वीस पावलांवर, कुलूप लावलेलं.

अजीज गेला आणि ग्राइंडर घेऊन आला, वायर ओढत. गुडघ्यावर बसू लागला तेव्हा भगवंतने हात पुढे केला.

“दे हिकडं.”

“आरं, ठिणग्या उडत्यात. तुला वाकून जमायचं न्हाई.”

“दे म्हनतो ना.”

तो तीनचाकीवरून खाली उतरला. उताराच्या काँक्रीटवर बसला, भर बाजारच्या दिवशी, सगळ्या मंचरसमोर, आणि एकेक पाइप बुडाशी कापत गेला. मधला, अजीजच्या पदरचा, सगळ्यात जाड होता. त्याला वेळ लागला. कांद्याचे ट्रॅक्टर थांबले, एसटीतून माना बाहेर आल्या, भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. चौकट आडवी झाली तेव्हा अजीजने ती एकट्याने बाजूला ओढली. भगवंत हातांच्या जोरावर तीनचाकीवर चढला आणि उतारावरून दुकानात गेला. कापलेल्या पाइपांचे बोटभर ठोंब राहिले होते. चाकाला तिथे हादरा बसला.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून एक माणूस पंचनाम्याला आला. हातात फाइल, सोबत फोटो काढणारा आणि लिहून घेणारा एक पोरगा. सरकारी कार्यक्रमाच्या फलकाची मोडतोड झाली होती. त्याने भेळवाल्याला विचारलं, शेजारच्या तिघांना विचारलं, समोरच्या बायकांना विचारलं. कोणीच काही पाहिलेलं नव्हतं. पन्नास माणसांच्या देखत झालेलं काम, आणि सगळे म्हणाले, आमी त्या दिवशी नव्हतोच. भगवंत मशीनवर बसून ऐकत होता. आपल्याला सांभाळून घेतलं जातंय हे त्याला कळत होतं, आणि काखेत पुन्हा तेच हात शिरल्यासारखं वाटत होतं.

त्याने मशीन थांबवलं, तीनचाकीवर बसला आणि उतारावरून खाली त्या माणसापाशी गेला.

“मी कापली चौकट. लिहा.”

माणसाने त्याला वरून खाली पाहिलं. नजर पायांशी थांबली.

“तुम्ही?”

“फ्लेक्स कात्रीनं, पाइप ग्राइंडरनं. इथं बसून. नाव लिहा, भगवंत.”

माणूस हसला. वाईट नव्हता तो, घरी त्याचंही असं कोणी असेल. “काका, कोणाला वाचवताय? तुमच्याच्यानं हे व्हायचं का? आणि समजा झालं, तरी तुमच्यावर केस घालून आम्ही पाप कशाला घ्यायचं?” मग तो फोटोवाल्याकडे वळला आणि भगवंतच्या डोक्यावरून म्हणाला, “अज्ञात इसम टाक. आणि चौकट परत बसवायचीय म्हणून लिही.”

त्याने फाइल काखेत मारली. जाता जाता त्याचं लक्ष तीनचाकीकडे गेलं, ती उताराच्या पायथ्याशी, चढाला तोंड करून उभी होती. तो मागे आला आणि दांड्याला हात घातला.

“या, वर सोडतो तुम्हाला.”

“हात काढा,” भगवंत म्हणाला.

“अहो, असू द्या. एवढं काय त्यात.”

भगवंतने मान वळवून त्या हाताकडे पाहिलं. स्वच्छ हात होता, बोटात अंगठी, नखं कापलेली. तो हात निघेपर्यंत त्याने पॅडलला बोट लावलं नाही.

मग तो चढला. ठोंबांवर हादरा बसला, तीनदा. समोर दुकानाच्या दारात अजीज ग्राइंडरचं नवीन पातं घेऊन उभा होता.