चिकूच्या वाडीतले दोन जातिवंत

आमच्या लहानपणी डहाणूत कुत्र्याच्या जातीवरून मालकाचा हुद्दा ओळखता यायचा. रेल्वेतल्या एका साहेबांकडे पॉमेरेनियन होता. पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा, आणि कायम कुणावर तरी रागावलेला. स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे बुटक्या पायांचा, लांबलचक डॅशहुंड होता. पेशंट बाकावर बसले की तो त्यांच्या पायांखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा, आणि तो संपूर्ण निघून गेला असं वाटेपर्यंत त्याचं शेपूट यायचं बाकी असायचं. समुद्राकडच्या मोठ्या वाडीत एका म्हाताऱ्या इराणी गृहस्थांचे दोन अल्सेशियन होते. त्यांच्यासाठी मुंबईहून बिस्किटं यायची. आम्ही पोरं कुंपणाबाहेर उभं राहून त्या कुत्र्यांपेक्षा त्या बिस्किटांकडेच जास्त आदराने बघायचो.

आमच्याकडे जे कुत्रे होऊन गेले ते सगळे पिवळट, एक कान उभा आणि एक पडलेला, असे. ते कुणी आणले नव्हते. ते आले, ओट्याखाली झोपले, आणि मग होते. वडील त्यांना 'आपला' एवढंच म्हणायचे. 'आपला कुठे दिसत नाही सकाळपासून.' त्यांचा स्वभाव काय म्हणून सांगू? समजूतदार. कुणावर भुंकायचं आणि कुणावर नाही, यात त्यांची कधी चूक झालेली मला आठवत नाही. त्या काळी कुणी विचारलंही नाही की यांची जात कोणती.

हा प्रश्न घरात आला तो माझ्या दादामुळे, वडील गेल्यानंतर दोनेक वर्षांनी.

दादा मुंबईत मोठ्या कंपनीत मॅनेजर. मी तलासरीला शाळेत शिक्षिका, घर तिथेच. आई मात्र डहाणूच्या वाडीत एकटी. पाच-सहा एकर चिकू, मध्ये कौलारू घर, पलीकडे ओहोळ आणि ओहोळापलीकडे पाडा. चिकू काढायला पाड्यावरच्याच बाया आणि गडी यायचे, टोकाला जाळी बांधलेले लांब बांबू घेऊन. आई सुखात होती. पण वाढवणच्या बंदराच्या बातम्या यायला लागल्या तशा काळ्या काचांच्या गाड्या आमच्या भागात फिरायला लागल्या. 'जमीन द्यायची आहे का' म्हणून दोन माणसं आईच्या ओट्यावर येऊन बसली. आईने त्यांना चहा दिला, तास दीड तास स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं आणि घालवलं. पण हे दादाला कळलं आणि तो पुढच्याच रविवारी हायवेवरून चारोटीला वळून थेट वाडीत हजर झाला.

"आई, बस्स झालं. एकतर माझ्याकडे चल, नाहीतर इथे नीट कुत्रा ठेव."

"आहे की ओट्याखाली."

"तो कुत्रा नाही, ती सवय आहे. जातीचा कुत्रा म्हणतोय मी. जातीचा कुत्रा असेल तर राहा इथे, मी शब्द काढणार नाही."

आई दादाच्या फ्लॅटमध्ये दोनदा राहून आली होती. अकराव्या मजल्यावरून तिला समोरच्या इमारतीचा अकरावा मजला दिसायचा. तिथून ती आली की आठवडाभर वाडीतल्या एकेका झाडाला हात लावत फिरायची. ती लगेच म्हणाली, "आण."

महिनाभरात अल्सेशियन आला. दोन वर्षांचा, काळ्या-तांबूस रंगाचा, छातीत भरलेला. सोबत कागद होते. त्यात त्याच्या पाच पिढ्या होत्या. आमच्या स्वतःच्या घराण्याची माहिती पणजोबांपाशी येऊन गडप होते, त्यामुळे आई जरा दबूनच त्याच्याशी बोलायला लागली. कागदावरचं त्याचं नाव एखाद्या संस्थानिकाला शोभेल असं होतं. आई त्याला 'अहो' म्हणायची. ओट्याखालच्या 'आपल्या'ने त्याला एकदा पाहिलं आणि समजूतदारपणे पाड्यावर मुक्काम हलवला.

मी खरंच सांगते, इतका सुंदर आणि इतका कर्तव्यदक्ष प्राणी मी पाहिलेला नाही. अल्सेशियनच्या स्वभावातली मोठी गोष्ट म्हणजे त्याला काम हवं असतं, आणि काम दिलं की तो त्यात शंका काढत नाही. त्याला दादाने एकदा कुंपणाच्या कडेने सगळी वाडी फिरवून आणली. तेवढं पुरलं. त्या दिवसापासून कुंपणाच्या आतली जमीन देशाची आणि बाहेरची परक्याची.

चूक इथेच झाली, आणि ती चूक आमच्यासारख्या वाडीवाल्यांनाच करता येते. आमच्याकडे वाडीला कुंपण असतं, पण कुंपणाला वाट असते. पाड्यावरून बाजारात, रेशनच्या दुकानात, शाळेत जायची पायवाट आमच्या चिकूंमधून, घराच्या मागल्या दाराजवळून जायची. माझ्या जन्माच्या आधीपासून. तिला कुणी परवानगी दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. सकाळपासून त्या वाटेने माणसं जायची. ताडी उतरवणारा, मोळी घेतलेल्या बाया, दप्तरं घेतलेली पोरं, बोंबलाची टोपली घेतलेली कोळीण. प्रत्येकजण मागल्या दाराशी काहीतरी बोलून जायचा. आई वैतागायची. "माझी वाडी आहे की डहाणू स्टेशन?" असं ती रोज म्हणायची आणि रोज मागल्या दाराशीच भाजी निवडायला बसायची.

अल्सेशियनने ती वाट आठ दिवसांत बंद केली. चावला कुणालाच नाही. नुसता वाटेत येऊन उभा राहायचा आणि खोल आवाजात भुंकायचा. पाड्यावरचे लोक भांडले नाहीत. त्यांनी ओहोळाच्या कडेने दुसरी वाट पाडली. कोळीण पुढच्या फाटकातून ओरडायची, "ओ आजी, तुमच्या फौजदाराला बांधा, मग मासळी घ्या!" आणि आई तिथवर जाईस्तोवर ती निघून गेलेली असायची. चिकू काढायच्या दिवशी त्याला बांधून ठेवावं लागायचं, आणि बांधलेला तो असा रडायचा की जणू त्याच्या डोळ्यांदेखत राज्य लुटलं जातंय. बाया पटापट काम उरकून निघून जायच्या.

दादा फोनवर खूश होता. "बघ, ब्रीडचा फरक. कुणी फिरकतंय का?"

"नाही रे," आई म्हणाली. "कुणी म्हणता कुणी नाही."

त्याच थंडीत ती मागल्या मोरीत घसरली. पाय मुरगळला, उठता येईना. फोन पुढच्या खोलीत. सकाळी घसरलेली आई, ती फोन उचलत नाही म्हणून मी दुपारी पोचेपर्यंत, मोरीच्या उंबऱ्याला टेकून बसली होती. ती हाका मारत होती, आणि तिच्या हाका ऐकून कुत्रा बिचारा सतत भुंकत होता. ओहोळाच्या वाटेने माणसं जात होती. त्यांनी भुंकणं ऐकलं आणि साहजिकच त्यांना वाटलं, आहे, नोकरीवर आहे.

मी आत शिरले तेव्हा तो आईशेजारी उभा होता, घसा बसलेला. त्याने मला पाहिलं आणि शेपटी हलवली नाही, फक्त बाजूला सरकला. पहारा माझ्या ताब्यात दिल्यासारखा. त्याचा मला आजही राग येत नाही.

दादा आला. आता तर त्याच्याकडे मुद्दा होता. "कुत्रा असूनही हे झालं. म्हणजे आता चलायचं."

आई पाय स्टुलावर ठेवून बसली होती. म्हणाली, "हा कुत्रा मला झेपत नाही. दुसरा ठेवते. जातीचाच ठेवते. तुझा शब्द आहे."

दादाला शब्द आठवला. मॅनेजर माणूस, स्वतःच घातलेल्या अटीत सापडला. म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत बघू."

अल्सेशियन तलासरीजवळच्या एका गोदामात गेला. मी त्याला अधूनमधून बघायचे. उंच भिंत, लोखंडी गेट, गणवेशातला वॉचमन, आणि आतून कुणाचीही वाट जात नाही. इतका सुखी सरकारी नोकर मी तालुक्यात दुसरा पाहिला नाही.

दुसरा कुत्रा आईनेच शोधला. समुद्राकडे एका मुंबईकर कुटुंबाचा शनिवार-रविवारचा बंगला होता. त्यांना हौसेने घेतलेल्या लॅब्रॅडोरची हौस संपली होती. आईने त्याचा फोटो मला काढायला लावून दादाला पाठवला. दादाने इंटरनेटवर ताडून पाहिलं आणि उत्तर दिलं, 'शुद्ध आहे.' स्वभावाचा रकाना त्याने वाचला नसावा.

लॅब्रॅडोरचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, जगात अनोळखी माणूस नावाचा प्रकार आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जमीन विचारायला आलेल्या माणसांच्या मांडीवर त्याने डोकं ठेवलं. मांजर त्याच्या ताटलीत जेवायचं. शिवाय तो पक्का खादाड. पडलेले पिकले चिकू तो इतक्या निष्ठेने वेचायचा की चिकू काढणाऱ्या बाया त्याला आपल्यातलाच धरायच्या.

"आजी, याला पण हजेरी लावा!"

"अगं, तो काढत नाही, खातो."

"मग मुकादम करा."

एक दिवस काम संपवून बाया निघाल्या तसा तो त्यांच्यामागे पाड्यावर गेला. तिथे त्याला नागलीची भाकरी मिळाली. त्यानंतर तो रोज सकाळी, चुली पेटायच्या सुमाराला, पाड्यावर जायचा आणि घरटी एक तुकडा वसूल करायचा. जातीचा, आजीचा कुत्रा म्हणून त्याला एकटं परत पाठवायचं पाड्याला बरं वाटत नसे. कुणीतरी त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला सोडायला यायचं. ओहोळाच्या वाटेने कशाला, लांब पडतं. जुन्याच वाटेने.

"आजी, तुमचा कुतरा आला होता."

"भाकरी खाल्ली?"

"तीन घरची खाल्ली."

"मग चहा पी तू."

सोडायला आलेली माणसं पुढे बाजारात जायची. मग सोडायला न आलेलीही त्या वाटेने जायला लागली. कोळीण पुन्हा मागल्या दाराशी टोपली उतरवायला लागली आणि कुत्र्याला शिव्या देत त्याला मांदेली घालायला लागली. आई पुन्हा रोज म्हणायला लागली, "माझी वाडी आहे की डहाणू स्टेशन?"

पावसाळा तोंडावर आला तेव्हा आईला ताप आला. रात्रीच चढला असावा. सकाळी तिला उठून दार उघडवेना. कुत्रा आत, तिच्या पलंगाशी. तो भुंकला वगैरे नाही. तो काही शूर नव्हता. आई उठत नाही म्हणजे आज झोपायचं आहे, अशी त्याने समजूत करून घेतली आणि पुन्हा झोपला.

पाड्यावर मात्र चुली पेटल्या, भाकऱ्या झाल्या, आणि कुत्रा आला नाही. चिकू काढणाऱ्यांपैकी एक बाई, जिच्याकडे तो सगळ्यांत आधी जायचा, भाकरीचा तुकडा हातात घेऊनच वाडीत आली. मागलं दार ठोठावलं.

"आजी! कुतरा कुठे? मेला का काय?"

आई हा प्रसंग पुढे रंगवून सांगायची. "मी मरत होते आत, आणि ही कुत्र्याची चौकशी करतेय!"

त्या बाईने माणसं बोलावली, खिडकीतून एका पोराला आत सोडून कडी काढली, रिक्षा आणली, आईला डहाणूला डॉक्टरकडे नेलं आणि मला फोन केला. तापच होता, पण डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तशीच राहिली असती तर अवघड होतं.

संध्याकाळी दादा मुंबईहून आला तेव्हा आई घरी आली होती. ओट्यावर पाड्यावरची पाच-सात माणसं, कोळीण, मी. मधोमध लॅब्रॅडोर पाठीवर पडून चारही पाय वर करून, आणि त्याचं पोट कुणीतरी खाजवतंय. दादा त्याला ओलांडून आत आला. कुत्र्याने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, आणि आणखी एक माणूस आलं या आनंदात शेपटी जमिनीवर आपटली.

"हा राखण करतो?" दादाने विचारलं.

आई उशाला टेकून पेज पीत होती. "राखण करतो असं मी कुठे म्हटलं? जातीचा आहे म्हटलं."

दादा बाहेर गेला, बूट काढले आणि ओट्यावर त्या माणसांत बसला. कोळणीने त्याला विचारलं, "काय रे, न्यायला आलास आईला?"

"नाही," दादा म्हणाला. "बघायला आलो."

तो विषय त्यानंतर निघाला नाही. आई पुढची सहा वर्षं वाडीत राहिली आणि गेली ती त्याच घरात, भरल्या दुपारी. मागल्या दाराशी कोळीण काहीतरी सांगत होती तेव्हा.

कुत्रा मी तलासरीला न्यायचा प्रयत्न केला. तो चार दिवस दाराकडे तोंड करून बसला, जेवला मात्र व्यवस्थित. शेवटी त्याला परत पाड्यावर सोडलं. आता त्याच्या तोंडावरचे केस पांढरे झालेत, चालणं मंदावलंय, पण वसुली चालू आहे.

वाडीतलं घर बंद असतं. मी रविवारी स्कूटरवरून जाते, दारं उघडते, झाडून घेते. स्कूटरचा आवाज पाड्यावर पोचत असावा. थोड्या वेळाने चिकूंमधून ती बाई येताना दिसते, एक हात त्याच्या मानेवर. आता त्याला सोडायला येण्याचं खरं म्हणजे कारण नाही. तो तिचाच झालाय. तरी ती मागल्या दाराशी येते आणि म्हणते,

"बाय, तुमचा कुतरा आला होता."

मी चहा ठेवते.