डाळजची भारी की कळसची

मी पदवीधर झालो तो माझ्या ताईमुळे. कळस गावातल्या आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. पहिली तीच जायची होती.

ताई तेव्हा बारावीला होती आणि इंदापूरच्या कॉलेजकडून हॉकी खेळायची, मधल्या फळीत. तिची डाळजची मैत्रीण पुढे खेळायची आणि गोल करायची. दोघींच्या जिवावर संघ बारामतीच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला. पुण्याच्या एका कॉलेजने दोघींना बोलावलंही होतं. खेळायचं, शिकायचं, राहण्या-जेवणाची सोय त्यांची. नेमकं तेव्हाच माळेगावहून ताईला स्थळ आलं.

आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "पोरगी खरंच भारी आसंल तर जाऊ दे पुण्याला. न्हाय तर चांगलं स्थळ कशाला घालवायचं?"

आबांना हॉकीतलं काही कळत नव्हतं. टोमॅटोचं नवीन बियाणं घ्यायचं झालं, तरी ते आधी चार माणसांना विचारून यायचे. सामन्याच्या दिवशी मला घेऊन ते मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. आपण कोण, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दोन्ही गोल डाळजच्या मुलीने केले, सामना जिंकला आणि टपरीवर वाद पेटला.

"गोल कुनी केलं? डाळजच्या पोरीनं. मग भारी कोन?"

"आन् तिला बॉल कोन देत व्हतं? तुमचा मामा?"

"बॉल कुनीबी ढकलंल. जाळीत घालाय काळीज लागतं."

"तात्या, तुमाला चष्म्याबिगर चहातली माशी दिसंना, बॉल कुठनं दिसला?"

सगळे हसले. पण तात्यांच्या बाजूने माणसं जास्त होती. एकाने आबांना विचारलं, "पाव्हनं, तुमचं काय म्हननं?"

"मला कळत न्हाय. मी ऐकतोय."

घरी आल्यावर आबांनी ताईला सांगितलं, "गोल दुसरीच करती. तू नुसती ढकलतीस म्हनं."

"आबा, गोल व्हायच्या आधी बॉल कुठनं आला ते बघा की."

"मी काय बघनार? बघनाऱ्यांनीच सांगितलं."

दोन दिवसांनी डाळजची मुलगी एसटीने आमच्या घरी आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "आबा, ती हाय म्हनून मी हाय. तिला पाठवा." आबांनी तिला बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "तू मैत्रीन हायस. तू आसंच म्हननार."

माळेगावला होकार गेला. त्या दिवशी ताई एवढंच बोलली, "मग ह्याला तरी शिकवा. आन् ह्याच्याबद्दल कुनाला इचारत बसू नका."

डाळजची मुलगी एकटीच पुण्याला गेली. तिथे तिच्याकडून गोल होईनात. वर्षाच्या आत ती संघाबाहेर झाली आणि गावी परतली. पुढे एकदा मार्केटला जाताना आबा त्याच टपरीवर थांबले, तर तात्याच सांगत होते, "मी तवाच म्हनत व्हतो, खरी भारी कळसचीच." त्या दिवशी आबा घरी येऊन न जेवता झोपले.

माझा पदवीचा निकाल लागल्यावर मी ताईला लिहिलेलं पत्र हे:

ताई,

तुझ्याकडचा फोन घरभर फिरतो, म्हणून पत्र लिहितोय. मी पास झालो. आबांनी गावात पेढे वाटले. आईने तुझ्यासाठी वेगळे काढून ठेवलेत.

भिगवणला तुझी मैत्रीण भेटली. कापडाच्या दुकानात काम करते. तुझी चौकशी करताना तिला रडू आलं.

पेढे वाटून आल्यावर आबांनी मला विचारलं, "तू आता शिकलायस. सांग, दोघीत भारी कोन व्हती?" मी म्हणालो, ताई. ते म्हणाले, "मग तवा कुनी सांगितलं न्हाय." मी म्हणालो, "सांगितलं होतं, आबा. घरी येऊन सांगितलं होतं." ते उठून रानात गेले. अंधार पडला तरी आले नाहीत, मग मीच बोलावून आणलं.

हे तुला कळवावं की नाही, ठरत नव्हतं. पण तुझ्यापासून लपवून मला पेढे गोड लागणार नाहीत.

तुझा भाऊ