बाबांच्या गुडघ्यांना लीगल गमी चालत नाही

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लगेच लिहितेय.

नागपूरहून आलेल्या बाबांना गुडघेदुखीमुळे झोप लागत नाही. शेजारणीने गांजाच्या गमी, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, सुचवल्या. इथे न्यू जर्सीत त्या कायदेशीर आहेत, म्हणून आज त्यांना दुकानात घेऊन गेले. दारावर भला मोठा बोर्ड: व्हिजिटर्स वेलकम.

बाबा रिटायर्ड सरकारी अधिकारी. "रीतसर आहे ना?" असं विचारत विचारतच त्यांनी काउंटरवर पासपोर्ट ठेवला. तेवढ्यात, माझा मेसेज वाचून, नवऱ्याचा फोन.

"अगं, बाहेर काढ त्यांना! स्टेटचा कायदा वेगळा, इमिग्रेशनचा वेगळा; तिथे केंद्राचा कायदा, त्यात गांजा अजून गुन्हाच. पुढच्या वेळी एअरपोर्टवर 'गांजा कधी घेतलाय का' असं विचारलं आणि ते हो म्हणाले, तर तिथूनच परत पाठवतील."

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर म्हणे, "इट्स टोटली लीगल!" हो ना, विकणाऱ्यांना लीगल, टॅक्स खाणाऱ्या सरकारलाही लीगल!

मी बाबांच्या कानात म्हटलं, "विचारलंच तर नाही म्हणा."

त्यांनी पासपोर्ट उचलून खिशात टाकला. "रीतसर घ्यायचं, तर मग खोटं का बोलायचं?"

आणि त्याच बोर्डाखालून लंगडत, रिकाम्या हाताने बाहेर पडले.

सांगा, वेलकम नक्की कोणाला?