पापणीच्या आतलं

माझ्या सासऱ्यांना स्वतःच्या सावलीचाही संशय. सावली दोन पावलं मागे राहिली तरी विचारतील, कुठं गेली होतीस?

मेंढीच्या आतड्यापासून वाद्यांची तात, म्हणजे तारा, वळायचा आमचा कारखाना. खाटकाकडे गेले की ते आधी मेंढीची खालची पापणी ओढून बघायचे. आत लाल असेल तरच घ्यायची, पांढरी म्हणजे जंत. तरी एखादं फसवं आतडं आलंच, तर उलटं करून आम्हाला दाखवायचे. "बघा, हे जंत नुसते पडून राहत नाहीत. आतड्याच्या भिंतीचा चिमटा तोंडात ओढतात, गच्च धरतात, रक्त पितात. मग जागा बदलतात, अन् जुनी जखम झिरपतच राहते."

धुण्याच्या अंगणात चपलांना बंदी, तशी पाटीच होती. खडा आला की आतडं फाटतं ना! नऊ बायका आणि मी, सगळ्या अनवाणी. मागच्या भिंतीआड आडोशाला जायचं तेही तसंच, ओल्या मातीतून.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला बादली उचलली तरी धाप लागायला लागली. "कामचोर आहे," सासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले. "तुझ्या आईवर गेलीय. तीही जन्मभर त्या मागच्या भिंतीला टेकून बसली." सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, अशक्तपणानं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण गप्प बसले. कारण मी खरंच काहीतरी लपवत होते.

दुपारी मी भिंतीआड जास्त वेळ थांबते, हे त्यांनी हेरलं. आधी वाटलं, तात चोरते. मग वाटलं, कुणाला तरी भेटते. "सापडली की कायमची माहेरी," त्यांनी बजावलं. नवरा म्हणजे नंदीबैल, त्यानं मान डोलावली!

सापडलेच मी. तोंडात माती होती, भिंतीची खरवडलेली. खावीशी वाटायची, काय करू? लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते ओरडले नाहीत. "वर बघ," म्हणाले आणि अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढली. मी काय मेंढी आहे? हात झटकणार, तोच ते पुटपुटले, "पांढरी."

ते मला तसंच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, जंतच. ओल्या मातीतून अनवाणी पायांत शिरतात आणि आतड्याला धरून बसतात. रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते. "अनवाणी कुठं फिरते ही?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं. मग मीच सांगितलं, चांगला आवाज चढवून.

घरी येताच त्यांनी पाटी उपटली. नऊ बायकांच्या पापण्या बघितल्या. सहा पांढऱ्या निघाल्या. मग ते मागच्या भिंतीपाशी गेले. माझ्या खरवडीशेजारी एक जुना, खोल खळगा होता.

"हाही तुझाच?"

"नाही. मी यायच्या आधीपासून आहे."

त्यांनी त्यात बोटं घातली. "चाळीस वर्षं मेंढ्यांचे डोळे बघितले मी," एवढंच म्हणाले आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.